पांढऱ्या कड्याखालच्या बरगड्या

प्रिय लिनेट,

हे पत्र मिसेस मॅक्लॉरेन्सच्या सुनेबरोबर पाठवतोय. गुरुवारच्या विमानाने निघून शुक्रवारी तुझ्या दारात येऊन हातात देईन, असं तिने कबूल केलंय. तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. मागे लंडनला पोचवायची जायफळं तिने स्वतःच्याच घरी ठेवून घेतली होती. पण दुसरं आहे कोण? मामाने सरळ फोन का नाही केला, असं तुला वाटेल. वादळात माझ्या घरचं विजेचं मीटर उडालं ते अजून बसवलेलं नाही. त्यामुळे माझा फोन तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात फळीवर चार्जिंगला असतो, आणि रेंजही मेली तिच्याच खिडकीत येते. मी तिथे उभा राहून बोलायला लागलो की ती हातातलं भांडं खाली ठेवते आणि ऐकते. हे तिने ऐकता कामा नये. वाचून झालं की पत्र जाळून टाक. जाळताना पडद्यापासून लांब उभी राहा.

माझं ब्लड प्रेशर तसंच आहे. नवी गोळी घेतली की पाय सुजतात, न घेतली की डोकं गरगरतं, म्हणून एक दिवसाआड घेतो. डॉक्टरला सांगू नकोस, म्हणजे तू कुठून सांगणार म्हणा. तुझ्या आईची तब्येत मात्र ठणठणीत आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि उतारावरून शेळीसारखी उतरते. तोच तर घोर आहे.

ईस्टरच्या कार्डात मी लिहिलं होतं की पावसाने दफनभूमीचा थोडा भाग गेला. थोडा म्हणजे समुद्राकडची सगळी रांग. तू एवढ्या लांब, उगाच कशाला, म्हणून तेव्हा लिहिलं नाही. वादळाच्या लाटांनी पांढऱ्या कड्याचा पाया आधीच खाल्ला होता, त्यात ईस्टरआधी लेंटच्या उपासात तीन दिवस पाऊस. तो चुन्याचा पांढरा मार्ल म्हणजे ना धड दगड, ना धड माती. सुका असला की कुदळ उसळून अंगावर येते, भिजला की पावासारखा तुटतो. आपल्या बापजाद्यांनी त्यातच थडगी खोदली, कारण काय, तर तिथून परत येणारी गलबतं दिसतात. मेलेल्यांना गलबतं बघून काय करायचंय? पण हे विचारायला आता उशीर झाला. त्या रांगेत तुझे वडील फिट्झरॉयही होते, लिनेट.

फादर आणि हवालदार आले, गावातली पोरं खाली उतरली, मिळालं ते गोणीत भरून आणलं. ज्याचं त्याला ओळखून दिलं. फिट्झरॉयचा जबडा सोन्याच्या दातावरून ओळखला, मांडीचं हाड डोलकाठीवरून पडून मोडलं होतं त्या जुन्या खुणेवरून. बाकीचा फिट्झरॉय मिळाला नाही. तुझ्या आईने ती दोन हाडं त्याच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली. रंधे-करवती बाहेर काढून खाली नवी चादर अंथरली. पेटी बाहेरच्या खोलीत आहे, त्याच्या थडग्यावरच्या दगडाशेजारी. हो, दगड अजून तिथेच आहे, दोन फळ्यांवर, वर कापड घालून. नाव कोरून तयार. मागच्या वर्षी दगड बसवून गावजेवण घालायचं म्हणून तिने दोन डुकरं वाढवली होती, ढोलवाल्यांना सांगून ठेवलं होतं. मग वादळ आलं, डुकरं गेली, आणि आता दगड ज्याच्यावर ठेवायचा तोच गेला.

मी तिला म्हटलं, “इस्मे, जे मिळालंय ते वरच्या नव्या जागेत पुरू आणि जेवण घालू. फादरही तयार आहे.” तर म्हणते, “अर्ध्या माणसावर दगड? उरलेला अर्धा रोज येऊन मलाच विचारेल ना, माझे हात कुठे ठेवलेस म्हणून.” तू इथे वाढलीस, तुला वेगळं सांगायला नको. आपल्या बेटावर मेलेला माणूस स्वप्नात येऊन सांगतो तेव्हाच दगड बसतो, आणि नको म्हणाला तर बसत नाही. फिट्झरॉय तिच्या स्वप्नात आला होता, कडा पडल्यावर लगेच. नुसता दारात उभा राहिला, अंगावरून पाणी गळतंय, आणि म्हणाला, “मला गोळा कर गं.” तेव्हापासून ती रोज ओहोटीला कड्याखाली जाते. फिट्झरॉयच्या जुन्या पटाशीने मार्ल उकरते. डोक्यावर त्याचीच टोपी.

आणि तिला मिळायलाही लागलं! आधी एक बरगडी, मग दोन, मग रोजच काही ना काही. ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची, गोड्या पाण्याने धुवायची, पेटीत नीट लावायची. चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून मीही गोडं पाणी आणून देत राहिलो. पण बरगड्या जाड, लिनेट. माझ्या मनगटाएवढ्या. आणि जड, लोखंडासारख्या. मोजून बघितल्या तर चोवीसच्या वर गेल्या होत्या. मी हळूच म्हटलं, “इस्मे, माणसाला एवढ्या असतात का गं?” तर माझ्याकडे वळून बघते, “तुझ्यासारख्याला नसतील. फिट्झरॉयची छाती रुंद होती. एकट्याने गलबताचा कणा उचलायचा तो.”

मिस रामलोगन म्हणून त्रिनिदादची एक मुलगी आली आहे, विद्यापीठातली. कड्यातले दगडी शिंपले बघायला. आपण सगळेच लहानपणी खिसे भरायचो तेच शिंपले, दगड झालेले बिस्किटासारखे गोल समुद्रजीव, शार्कचे दात. मिसेस बेथेलकडे उतरली आहे, वागायला चांगली आहे, तिखट फार खाते. तुझ्या आईने तिला कौतुकाने घरी बोलावलं, ओल्या तुरीचा भात वाढला आणि पेटी उघडून दाखवली. ती मुलगी गुडघ्यांवर बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. तुझ्या आईला वाटलं प्रार्थना करतेय. बाहेर आल्यावर मला कुंपणाशी घेऊन गेली, म्हणाली, “अंकल, जबडा आणि मांडीचं हाड माणसाचं आहे. बाकी सगळी समुद्रगाय आहे. दोन कोटी वर्षांपूर्वीची. त्या मार्लमध्येच होती.” मी म्हटलं, “हळू बोल बाई.” ती म्हणाली, “आख्खं जनावर आहे अंकल, इतकं सुंदर मी कुठे पाहिलं नाही.” आणि रडायलाच लागली, आनंदाने का दुःखाने ते तिलाही कळत नव्हतं. मी तिला रुमाल दिला, तो तितकासा स्वच्छ नव्हता.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. कड्याच्या वर, फादरने नवा क्रॉस लावलाय त्याच्याही मागे, जमिनीला भेग पडली आहे. मी जाऊन बघितलं. हात कोपरापर्यंत आत गेला. आणि त्या समुद्रगायीची हाडं कड्यात आत आत गेली आहेत, म्हणजे जितक्या बरगड्या मिळतील तितकी तुझी आई आत उकरत जाणार. आता तिने एवढी खोबण केलीय की टोपीसकट आत बसते, बाहेरून फक्त पाय दिसतात. लिनेट, वर तेवढा डोंगर आणि खाली दोन पाय.

मी पुष्कळ प्रयत्न केले. पटाशी लपवली, तर सुरी घेऊन गेली. हवालदाराने दोरी बांधून पाटी लावली, तर दोरी सोडून शेळी बांधायला घेऊन आली, म्हणाली सरकारी दोरी मजबूत असते. मी तिथे खाली जाऊन बसायला लागलो, की पडलाच तर दोघांवर पडू दे. तर म्हणते, “तू लांब बस रे, तुझ्या खोकल्याने पडेल.” या मंगळवारी ती पाण्यात हात धुवायला गेली होती तेव्हा मागे मोठा तुकडा सुटला. मिसेस बेथेलच्या स्वयंपाकघराएवढा. नुसता पांढरा धुरळा, मला काही दिसेना. मी तिच्या नावाने ओरडतोय आणि तोंडात चुना. धुरळा बसला तर ही गुडघाभर पाण्यात उभी, आणि बोलली काय? “बघ, आता खोल हात घालावा लागणार नाही.”

मिस रामलोगन तिला खरं सांगायला निघाली होती. म्हणाली, “एका समुद्रगायीपायी ती बाई मरताना मी बघू शकत नाही.” मी पाया पडायचाच राहिलो. खरं कळलं तर इस्मे थांबेल असं तिला वाटतं. तुला तुझी आई माहीत आहे. ती त्या बरगड्या बाजूला काढेल आणि पहिल्यापासून सुरुवात करेल, कारण मग तर फिट्झरॉय सगळाच अजून बाहेर आहे. आणि खरा फिट्झरॉय कधीच समुद्रात गेला, लिनेट. तो मिळणार नाही. मुलीला ते पटलं. ती म्हणाली, “रविवारपर्यंत थांबते. त्यानंतर मला बोलावंच लागेल.” बरगड्या पुरल्या तर चालेल का, असंही मी विचारलं. तिने वही उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाली, मोजमापं आणि फोटो घेऊ द्या, एक बरगडी मला द्या, बाकीच्या तुझ्या आईकडे राहू देत. त्या विद्येच्या माणसाला हे किती जड गेलं असेल, मला कळतं. तर फिट्झरॉयच्या दगडाखाली त्याचा जबडा, त्याची मांडी आणि एक समुद्रगाय झोपेल. त्याला चालेल. एकटं झोपणं त्याला आवडायचं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिला सांगून बघितलं की फिट्झरॉय माझ्या स्वप्नात आला आणि म्हणाला, पुरे झालं. तिने पीठ मळता मळता विचारलं, “काय घातलं होतं त्याने?” मी घाबरून म्हटलं, कोट. “फिट्झरॉयने? कोट?” मग हात पुसून माझ्यासमोर बसली. “अल्बन, जिवंत असताना तो तुझ्या घरी कधी आला का? डॉमिनोत तू फसवतोस म्हणून पायरी चढत नव्हता. मेल्यावर कशाला येईल?” आणि पुन्हा पिठाकडे वळून म्हणाली, “माझ्याकडेही पुन्हा आला नाही. पोरीकडे जात असेल. तिच्यावरच जीव होता त्याचा.” पोरीकडे म्हणजे तुझ्याकडे. त्याच्या मातीला तू आली नाहीस तेव्हा ती फोनवर जे बोलली ते मी खिडकीत उभा राहून ऐकलं होतं. तसं बोलायला नको होतं. तुझं बाळ तेव्हा इस्पितळात काचेच्या पेटीत होतं हे तिला नंतर कळलं, आणि नंतर कळलेल्या गोष्टीसाठी माफी कशी मागायची ते तिला येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नाही. पण तेव्हापासून ती तुझं नाव घेत नव्हती, आणि त्या दिवशी घेतलं. पोरगी म्हणाली, पण ते तुझंच नाव.

म्हणून लिहितोय. शनिवारी रात्री तिला फोन कर, कारण रविवारची ओहोटी पहाटेची आहे आणि प्रार्थनेच्या आधीच ती खाली उतरते. आधी तिला बोलू दे, काहीही बोलली तरी फोन ठेवू नकोस. मग सांग की पप्पा स्वप्नात आले होते. अंगावर कामाची चड्डी, कानावर पेन्सिल, अंगाला लाकडाचा भुसा. कोट नाही. अंग कोरडं होतं असं नक्की सांग, ती तेच आधी विचारेल. आणि ते म्हणाले, “आईला सांग, मी सगळा घरात आलोय. आता दगड ठेव, दार लाव.” एवढंच. जास्त सांगू नकोस, तो कमी बोलायचा. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणं किती वाईट, हे मला ठाऊक आहे. त्याचं काही व्हायचं असेल तर माझ्यावर होऊ दे, तुझ्यावर किंवा लेकरावर नको, असं मी रोज मोठ्याने म्हणतो. पण या इतक्या वर्षांत तो तुझ्या स्वप्नात खरोखरच आला असेल आणि कोणाला सांगू हे न कळून तू गप्प बसली असशील, तर मामाचं हे सगळं सोडून दे. तो जे म्हणाला तेच तिला सांग.

तुझाच,
अल्बन मामा