वेळेआधीचं आमेन

दि. १४, बुधवार सकाळ

चिरंजीव धाकट्या,

मामीचे आशीर्वाद. तू पाठवलेली सीडी पोचली, तडा गेलेला नाही. सूनबाईच्या पाठीला शेक दे. नुसती मलमं चोळून भागत नाही. इकडे सगळं ठीक. गच्चीची गळती थांबली एकदाची.

आता कान जरा इकडे कर, म्हणजे धरता येईल.

आमच्या चर्चच्या गायकवृंदाची जुनी टेप मी तुला विश्वासानं दिली होती. राजाच्या अभिषेकाला शोभावीत अशी ती इंग्रजी स्तोत्रं, ऑर्गन, तुताऱ्या. नुसती सीडीवर उतरवून दे म्हटलं, तर तू ती धुतलीस, घासलीस, वर इस्त्री फिरवलीस! खरखर काढलीस, ठीक. खोकला काढलास, तोही ठीक; खजिनदारांचा होता, त्यांना कोण विचारतो? पण शेवटच्या आमेनआधी ऑर्गन थांबतो, संचालकांचा हात वर असतो, सगळे श्वास रोखून उभे, आणि तुझे मामा एकटेच "आऽऽ" करून मोकळे होतात, ते कुठाय? वर तुझी चिठ्ठी, "मामी, मामांची चूक आता कुणाला कळणारसुद्धा नाही!" अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कुणी सांगितलं होतं रे तुला?

जन्मभर मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला एकदाच एकट्यानं गायला मिळालं, तेही चुकून. संचालक लालबुंद झाले होते. "अहो, गाडी थांबायच्या आधीच उतरलात की!" तर हे म्हणतात, "तुमच्यासाठी रिक्षा बघायला उतरलो, साहेब." सगळा वृंद हसून लोळला होता. त्या माणसाची तुला लाज वाटली?

फोनवर तू मामांना मागतोस आणि मी दर वेळी "झोपलेत" म्हणते ना? झोपलेले नसतात ते. समोर बसून माझ्याकडे बघत असतात. मेंदूचा झटका आला त्यांना. हातपाय शाबूत राहिले, वाचा गेली. तू कामधंदा सोडून धावत येशील म्हणून कळवलं नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ओळखीचं गाणं लावून बघा. टेप लावली. ती जागा आली आणि टेपमधल्या स्वतःबरोबर हे "आऽऽ" म्हणाले! मी हातातली परात सोडली. मग रोज तेच. त्या एका आवाजावर बाई पुढचं बांधणार होत्या. पण आपला टेपरेकॉर्डर फीत खायला लागला, म्हणून तुझ्याकडे धाडली.

रविवारी तुझी सीडी लावली. जागा आली. ह्यांनी तोंड उघडलं, आणि सोबतीला कुणी आलंच नाही. मग सगळ्यांचं आमेन आलं, एकदम, वेळेवर, देखणं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेव्हापासून चहाच्या चमच्यापुरतंच उघडतं. बाई आल्या तशा हात हलवत परत गेल्या.

तेव्हा ती चूक जशीच्या तशी परत पाठव. खरखरीसकट, खोकल्यासकट. मूळ टेप अडगळीत टाकली असशील तर मला सांगत बसू नकोस, शोध. आणि पोस्टानं नको, स्वतः घेऊन ये.

तोवर वरचे आशीर्वाद अर्धेच धर. उरलेले मामांच्या आमेननंतर.

तुझी,
मामी