जुनं रिव्हॉल्व्हर पडलं तर

बाबा, शनिवारी मी एक जुनं रिव्हॉल्व्हर हातात धरलं. तुमचं होतं तसंच, मधोमध मोडून उघडणारं, मुठीवर हाताच्या घामानं काळं पडलेलं. धरलं आणि माझा गाल आपोआप बाजूला वळला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, मी पन्नाशीला टेकले, तरी तुमच्या वस्तूला हात लावला की थप्पड येणार हे या गालाला अजून पाठ आहे.

इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये, एक नागपूरचे काका राहतात. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झाले आणि आता रिव्हॉल्व्हरं जमवतात. बेसमेंटमध्ये काकूंना देवघर हवं होतं, तिथे यांनी लोखंडी तिजोऱ्या आणून ठेवल्या. जेवायला बोलावलं की हात धुतल्या धुतल्या पाहुण्यांची वरात खाली निघते. मागच्या महिन्यात कोणीतरी विचारलं, जुन्यात आणि नव्यात फरक काय? काका खुशीत आले. "अरे यार, सिंपल आहे. जुनं लोडेड असताना फरशीवर पडलं ना, तर सुटू शकतं. मागचा ठोकणारा हॅमर डायरेक्ट काडतुसावर टेकलेला असतो. नव्यात मध्ये एक सेफ्टीचा पार्ट टाकलाय. कितीही आपट, नाही सुटणार." माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती घेऊन मी जिन्याच्या पायरीवरच बसले, कारण ते वाक्य तुमचं होतं. हातातून पडलं आणि सुटलं.

पोलीस लाइनीतलं आपलं क्वार्टर. मी नववीत आहे, बाहेरच्या खोलीत धाकटीची वेणी घालतेय. आदल्या रात्री तुम्ही आईचं डोकं ओट्यावर आपटलं होतं, आणि आज तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. "मी भावाकडे जाते," एवढंच तिचं ऐकू येतं. मग तो आवाज. कान बंद होतात, धाकटी तोंड उघडून ओरडतेय तेही ऐकू येत नाही. मी आत जाते तर आई भिंतीला टेकून बसलेली, आणि गुडघ्याच्या जागी गुडघा नाही. परातीतल्या पिठात हाडाचे बारीक कण. रक्त डब्यांच्या खाली शिरतंय, तव्यावर पोळी जळतेय. रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलेलं. तुम्ही तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणालात, "हातातून पडलं आणि सुटलं." तुमच्याच ठाण्याची माणसं आली, त्यांनी अपघात म्हणून कागद केला, आपल्याच पातेल्यात चहा करून प्यायली. आईनंही तेच सांगितलं. माझा विश्वास कधीच बसला नाही. पुढे तुम्ही झोपेत, सुखानं गेलात, तेव्हा मी तिकीट काढलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण काकांच्या त्या वाक्यानं मला झोपू दिलं नाही. शेवटी शनिवारी त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले. तिथे त्यांचा एक गोरा दोस्त असतो, आयुष्यभर ट्रक चालवलेला, जुन्याचा कट्टर भक्त. दोघांचं भांडण सुरूच होतं. "दीज न्यू वन्स? लॉयर्स मेड देम," कंपन्या खटल्यांना घाबरतात म्हणून दोस्त तोंड वाकडं करून म्हणाला. काका त्याच्या बुटांकडे बघत म्हणाले, "अँड युअर टोज? ऑल स्टिल देअर?" मी म्हटलं, मला करून दाखवा. काकांनी एका रिकाम्या काडतुसाला फक्त मागची टिकली बसवली, दारू नाही, गोळी नाही. जुनं रिव्हॉल्व्हर शिकंज्यात आवळलं आणि हॅमरवर लाकडी हातोडीचा एक दणका दिला. फाट्! धूर निघाला. मग नवं आवळलं. दणके घालून घालून काकांना घाम फुटला, टिकली काही उडाली नाही.

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि ढसाढसा रडले. काकूंनी डब्यात दिलेले धपाटे रडता रडताच खाल्ले. म्हणजे पडू शकतं. म्हणजे तुम्ही आईला मारायचात, केस धरून फरफटवायचात, सगळं खरं, पण तो दणका तुमचा नव्हता. मारकुट्या बापाची मुलगी म्हणून जगता येतं, बाबा. मारून टाकायला निघालेल्या बापाची म्हणून जगणं फार अवघड जातं. त्या उन्हात मला वाटलं, सुटले एकदाची.

आत गेले तेव्हा तो दोस्त आपलं जुनं भरत होता. सहा चेंबरं, आणि त्यानं पाचच काडतुसं घातली. मी कारण विचारलं. "ओल्ड गन. फाइव्ह ओन्ली. एव्हरीबडी नोज दॅट." काका म्हणाले, "हॅमरखाली रिकामं चेंबर ठेवायचं गं. मग पडू दे, रिकाम्यावरच आपटणार. भरलेलं समोर यायला चाप ओढावाच लागतो."

आणि मला रविवारची सकाळ दिसली. तुम्ही बाजेवर तेलाचं फडकं घेऊन बसलाय, काडतुसं माझ्या ओच्यात. मी लाडात येऊन सहावं आत सरकवते. तुम्ही माझा कान असा पिळता की पाळीमागे रक्त येतं. "पाचच! सहावं घातलंस आणि हे पडलं तर कोणाचा तरी जीव जाईल!" कधीही, एकदाही, तुम्ही सहावं भरलं नाहीत. त्या एका गोष्टीत तुमच्याइतका काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही. मी रेंजच्या मागे जाऊन सगळे धपाटे ओकले.

आई आता माझ्याकडेच असते. तो पाय ताठ पुढे ठेवून ती मेथी निवडत होती. मी चपलाही न काढता विचारलं, "आई, ते खरंच पडलं होतं?"

"पडलं ना," ती म्हणाली. "उडाल्यावर पडलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्हा दोघींना घेऊन कुठे जाणार होते मी, एका पायावर?" तिनं काड्या बाजूला केल्या आणि जुडी संपवली. तुम्ही समोर असता तर काय केलं असतं ते लिहीत नाही. आज हात फार शिवशिवतायत.

हे पत्र पाठवायला तुम्ही नाहीतच. आईच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे. तिलाही सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. त्या बाकावर बसून तासभर मी तुम्हाला माफ केलं होतं, आणि मला फार बरं वाटलं होतं.