लाल पट्ट्यांची झाडे

चंद्रपूर,
दि. ९ जून २०२५

तीर्थरूप मनसाराममामा यांस,
ललिताचा सा. न. वि. वि., आणि मामींना सेवा जोहार.

फोनवर तुम्हाला अर्धे ऐकू येते आणि तेवढेही तुम्ही गावाला उलटसुलट सांगता. म्हणून यापुढे सर्व काही पत्राने. वस्तुस्थिती क्रमाने मांडते. ग्रामसभेत ती याच क्रमाने वाचावी.

पहिली गोष्ट. चंद्रपूर शहराने कार्बन क्रेडिटच्या व्यवहारात उतरावे की नाही, याचा अभ्यास पालिकेने माझ्यावर सोपवला आहे. दुसरी. कोळसा जळताना जो वायू हवेत जातो, तोच वायू झाडे वाढताना ओढून घेतात आणि लाकडात साठवतात. एखाद्या जंगलाने नेहमीपेक्षा जास्त साठवला, तर त्या जास्तीच्या भागाचे प्रमाणपत्र मिळते. तेच क्रेडिट. ज्याचा धूर जास्त, तो ते विकत घेतो, आणि पैसे जंगल राखणाऱ्या गावाला मिळतात. तिसरी. शहराने ती घ्यायचीच तर कुठून, असा प्रश्न आल्यावर मी कुसुमटोल्याच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलाचे नाव सुचवले. ते माझे आजोळ आहे हे त्याच टिपणात लिहिले, कारण मागाहून कुणी कुजबुजलेले मला खपत नाही. चौथी. दोन वर्षांपूर्वी आमच्या पथकाने चिठ्ठ्या टाकून तुमच्या जंगलातल्या काही जागा निवडल्या, तिथल्या झाडांना लाल पट्टे मारले आणि घेर मोजले. पाचवी. यंदा मे महिन्यात तीच झाडे पुन्हा मोजली. वाढ माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाली.

हे आकडे मी महासभेत मांडले तेव्हा सभागृहाने बाके वाजवली. गावातून पहिली डॉक्टरेट मिळवली, त्या दिवशीही मला इतका अभिमान वाटला नव्हता. क्रेडिट घेण्याचा निर्णय जुलैच्या महासभेत व्हायचा आहे. तत्पूर्वी ग्रामसभेची संमती सहीशिक्क्यासह पाठवावी. तोंडी निरोप चालणार नाही.

आपली माया आहेच. ती वेळेवर आलेल्या टपालातूनही दिसावी.

आपली,
ललिता

कुसुमटोला,
दि. १७ जून २०२५

चि. ललितास,
मामाचे अ. उ. आ. आणि सेवा जोहार.

तुह्यं पत्र सभेत वाचलं. मधातच कोनी काई विचारे, मंग क्रम चुकू नये म्हनून पुन्हा पहिल्यापासून वाचा लागे. असं अर्ध्या दुपारीपर्यंत चाललं.

वाढ दुप्पट झाली म्हनते, त्याचं आम्हाले काई नवल नाई. तुहे लोक लाल पट्टे मारून गेले, त्याच दिवशी तुह्या बुधरीमामीनं गावाले सांगून टाकलं, का हे आपल्या ललीचे झाड होय, इथी कोनाचा विळा चालला त त्याच्या घरी मी जाईन. मामीचं घरी येनं काय असते ते तुले ठाऊक आहे. मोहाच्या दिवसात बाकी जंगलात फुलं वेचासाठी खालचा पाला जाळतो, तसा त्या जागी जाळला नाई. बायाईनं झाडूनं झाडून फुलं वेचले. तेंदूपानासाठी झुडपं छाटले नाई. बकऱ्या फिरकू देल्या नाई. उन्हाळ्यात टोपल्याटोपल्यानं शेणखत नेलं, गावच्या बोडीतून पानीबी नेलं.

शाळेत साहेब येनार असला का आपन भिंती सारवत नाई काय? चंद्रपूरच्या सभेत कोनी म्हनाले नाई पायजे, का डॉक्टरबाईच्या मामाचं जंगल खुरटं आहे.

संमतीचं मात्र थांबलं आहे. आपल्या गावात हात वर करून ठराव होत नाई, सगळ्याईचं एकमत लागते, हे तू शहरात राहून भुलली नसशीन. एकच मानूस थांबा म्हनून राह्यला, अन तो मानूस माह्याच घरी सैपाक करते.

जावईबापूले आमचं नाव सांगजो. तब्येत जपजो.

तुहा मामा,
मनसाराम

चंद्रपूर,
दि. २४ जून २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मी उभ्याने वाचायला घेतले आणि खुर्ची शोधून बसले.

मामा, तुम्ही आणि मामींनी मिळून माझे दोन वर्षांचे काम निकालात काढले आहे. त्या जागा साऱ्या जंगलाच्या वतीने बोलण्यासाठी निवडल्या होत्या. पोत्यातून मूठभर तांदूळ काढून आपण साऱ्या पोत्याची पारख करतो. तुम्ही ती मूठ पाखडली, निवडली आणि पुन्हा पोत्याच्या तोंडाशी ठेवलीत. त्या आकड्यांवर क्रेडिट विकणे म्हणजे पाखडलेली मूठ दाखवून खड्यांचे पोते गळ्यात मारणे होय. आणि शेणखत! सागाच्या आणि येनाच्या झाडांना शेणखत! अडाणीपणाला मी क्षमा करत नाही. प्रेमाने केलेल्या अडाणीपणाला तर मुळीच नाही.

तुमचे जावई प्रफुल म्हणतात की, बाके वाजून झाली आहेत, सभागृहातले कुणी जंगलात येऊन पाला उकरून पाहणार नाही, गप्प राहा. मी त्यांना सांगितले की ते भद्रावतीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस आहेत. तिथे कुणी उकरून पाहणार नाही म्हणून ते किती माल पुढे जाऊ देतात, ते आधी सांगावे. त्यावर ते भद्रावतीच्या बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

महासभेत उभे राहून स्वतःचाच आकडा मला रद्द करावा लागेल. गावाची क्रेडिटची योजना त्यात बहुधा बुडेल, आणि चुकीचे मोजणारी बाई म्हणून माझे नाव राहील. तरीही त्या जागांवर गावाने काय काय केले, ते ग्रामसभेच्या सह्यांनिशी लेखी कळवावे. एकही गोष्ट गाळू नये.

कळावे. रागावले आहे, परकी झालेले नाही.

ललिता

कुसुमटोला,
दि. ३ जुलै २०२५

चि. ललितास, अ. उ. आ.

हे पत्र सभेत वाचलं नाई. बुधरीले वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी भाकर थापता थापता म्हने, पोरीले लिवा, मले अडानी म्हन, पन झाड वाढले ते काई खोटे नाई.

तांदळाचं समजलं. मूठ पाखडली हे खरं. पन हे पोत्याचं तुह्या लोकाईनं तवाच काऊन नाई सांगितलं? पट्टे मारले, आमच्या इथी कोंबडीभात खाल्ला, अन गेले. एवढी शिकली तू, तुह्या लोकाईले बोलाले शिकव.

कागद सोबत धाडला आहे. आग, बकऱ्या, पानी, खत, सारं लिवलं. लपवाचं नाई यावर एकमत व्हाले येळ लागला नाई. पयला अंगठा बुधरीचा आहे. मीच म्हनत होतो, का योजना बुडन, थोडं थांबून पाहू; त तिनं विचारलं, का खोट्या आकड्यानं मोठी झालेली भाची तुमाले पायजे काय.

तू उभी राहून सांगजो. आवाज मोठा ठेवजो.

मनसाराम

चंद्रपूर,
दि. २९ जुलै २०२५

तीर्थरूप मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

काल महासभा झाली. मी उभी राहिले आणि मागे मांडलेले आकडे ग्राह्य धरू नयेत, कारण त्या झाडांची गावाने बागेसारखी निगा राखली होती, असे सांगितले. मग एका सदस्याने विचारले की, डॉक्टरबाई पुढच्या सभेत स्वतःच्या परसातल्या वांग्यांचे क्रेडिट आणणार आहेत काय. हशा झाला. तो थांबेपर्यंत मी वाट पाहिली आणि उत्तर दिले की, पुढे कधी आकडा चुकला तर तोही सभागृहाला माझ्याच तोंडून कळेल. त्यानंतर तुमचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला, शेणखतासकट आणि मामींच्या अंगठ्यासकट. माझा आवाज कुठेही अडखळला नाही, याची नोंद घ्यावी.

प्रस्ताव फेटाळला नाही, पुढे ढकलला. अभ्यास माझ्याकडेच ठेवला. प्रफुल प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते हे मला नंतर कळले. घरी आल्यावर चहा त्यांनी केला, आणि साखर बरोबर होती.

आता जे लिहिते ते सभेत वाचावे. त्या जागांना तुम्ही जे दिले, म्हणजे आगीपासून राखण आणि चराईबंदी, ते साऱ्या जंगलाला दिले, तर होणारी जास्तीची वाढ खरी असेल. तिचे क्रेडिट मी कुणाहीपुढे ताठ मानेने मांडीन. जुने पट्टे पुसून घेत आहे. नव्या जागा गावात कुणालाही कळणार नाहीत; मामींना तर नाहीच नाही. गावाला हे झेपेल का, आणि संमती आहे का, हे लेखी कळवावे.

अडाणी हा शब्द मी मागे घेते. शेणखताबद्दलचे मत मागे घेत नाही.

दोघांच्या पायांशी,
ललिता

कुसुमटोला,
दि. १८ ऑगस्ट २०२५

चि. ललितास,
दोघाईचे अ. उ. आ. आणि सेवा जोहार.

तुह्याच पद्धतीनं क्रमानं लिवतो.

पयली गोष्ट. तुह्यं पत्र आल्यापासून बुधरी बाजारातबी सांगून राह्यली, का चंद्रपूरच्या भरसभेत माहा अंगठा वाचला. अंगठा वाचत नाई, दाखवते, असं मी म्हनलं, त त्या दिवशी मले भाजीत मीठ नव्हतं.

दुसरी. साऱ्या जंगलात आग लावाची नाई, यावर बोलनं झालं. मोहाच्या दिवसात कंबर मोडून पाला झाडा लागन, बायाईले ठाऊक आहे. तरी बाया हो म्हनल्या. मानसं त्याईच्यानंतर हो म्हनले.

तिसरी. बुधरी अजून थांबा म्हनते, अन ते काऊन, हे तिनं आता उघड सांगितलं. तिचं म्हननं असं. आमी आग बंद करतो. शहर काय बंद करते? आमच्या झाडाईनं धूर गिळाचा, अन तुमी तो कागद दाखवून तेवढाच धूर पुन्हा सोडाचा, त हे भोकाचं पोतं होय. आमी वरून भरत राहू, तुमी खालून सांडत राहान. शहर आपला धूर किती कमी करते ते आधी सांगा. आमचे झाड उरलेल्या धुरासाठी. ती हे बोलली अन सभेतला जो तो हेच विचारू लागला. म्हनून आता तो प्रश्न तिचा नाई, गावाचा आहे. त्यावर एकमत झालं आहे.

आमाले तुह्यावर भरोसा आहे. त्यापायीच तुले त्रास देतो. हा प्रश्न तू भरसभेत वाच, जसा मामीचा अंगठा वाचला तसा. अन उत्तर घे. फोनवर आमाले अर्धंच आयकू येते, हे तूच लिवलं होतं. त तोंडी निरोप चालनार नाई. उत्तर शहराच्या शिक्क्यानिशी, सहीनिशी, लेखी धाडजो.

वाट पाहून राह्यलो.

मनसाराम
आणि बुधरी (अंगठा)