कुरखेड्याचा वाटा

१२ मे २००७, गडचिरोली
झालं एकदाचं! माझी स्क्रिप्ट चालली, म्हणजे सगळ्या आज्ञा एकदम देणारा छोटा प्रोग्रॅम. इथे जिल्हा कार्यालयात खुर्चीत बसून बाराही तालुक्यांच्या राउटरची सेटिंग बदलली. एरवी दिवसभर फोन कानाला लावून प्रत्येक ऑपरेटरला एकेक अक्षर सांगत बसायचं. यात कुरखेड्याचे ऑपरेटर देवरावभाऊ यांचा हात माझ्याइतकाच. चाचणीत माझं चुकलं की तिकडची लिंक तुटायची, मग ते तिथे बसून सगळं हाताने पूर्ववत करायचे. कधी कुरकुर नाही.

२० मे, रविवार
देवरावभाऊंच्या गावी. आज गावाने मिळून तलावात मासे धरले. मीही हौसेने जाळ्याचा दोर ओढला. मग काठावर पळसाच्या पानांवर सारखे वाटे. तापाने घरी पडलेल्या म्हाताऱ्याचाही. आणि माझाही! म्हटलं, मी कुठे ओढलं, नुसता हात लावला. देवरावभाऊ म्हणाले, "दोराले हात लागला नं म्याडम? मंग झालं." गाडी चुकेल म्हणून वाटा न घेताच पळाले.
बसमध्ये लायब्ररीचं पुस्तक. माणूस टोळीने शिकार करायचा तेव्हापासून वाटून खातो म्हणे. वाटा दाबणाऱ्याचा राग येतो, तोही तेव्हाचाच. पटलं.

२९ मे
डोकं फिरलंय. साहेबांनी तालुक्याचे सगळे कंत्राटी ऑपरेटर एक तारखेपासून बंद केले. कारण काय, तर माझी स्क्रिप्ट. आता इथूनच होतं ना सगळं! वर उत्क्रांतीचे धडे: जो टिकतो तो टिकतो, माकडाचा माणूस असाच झाला. अर्धं पान वाचायचं आणि जगाला अक्कल शिकवायची. टोळी नसती तर यांच्या खापरपणजोबांनाच वाघाने खाल्लं असतं.
तोंडावर मी एवढंच बोलले की स्क्रिप्ट चुकली तर तिकडे माणूस लागतो. तर म्हणे, चुकवू नकोस.
देवरावभाऊंना मीच फोन केला. तुमचा काय दोष, म्हणाले. त्याने जास्तच लागलं.

५ जून
दोन दिवस चुलतबहिणीच्या लग्नाला सिंदेवाहीला काय गेले, मागे साहेबांनी स्वतः स्क्रिप्ट चालवली. कुरखेड्याच्या ओळीत एक आकडा चुकवला. लिंक गेली. आता तिथे जाऊन हातानेच दुरुस्त करावं लागणार, आणि तहसीलचे कारकून राउटरच्या पेटीला शिवतही नाहीत. शाळाप्रवेशाचे दिवस, दाखले अडलेत, लोक उन्हात उभे.
साहेब म्हणतात कसे: "देवरावला सांग, तासाभराचं काम आहे. तुझं ऐकेल तो."
म्हणजे हाकलायचं यांनी, आणि गोड बोलून फुकट राबवायचं मी! निर्लज्जपणाची हद्द झाली. सांगितलं, आधी त्यांना कामावर परत घेतल्याचं पत्र काढा. तर म्हणाले, मग तूच जा. मी जागची हलले नाही.

६ जून
देवरावभाऊंचाच फोन. तहसीलची रांग बघून आले होते. "तुमी म्हनाल तं येतो मी, म्याडम. सायबासाठी नाई."
मीच म्हटलं, येऊ नका. रांगेतल्या बायांनी माझं काय वाकडं केलंय? पण पत्राशिवाय ते आले, तर पत्र कधीच निघणार नाही.

७ जून
पत्र नाही. कुरखेडा बंद. साहेब केबिनमध्ये खुशाल चहा पितात.
संध्याकाळी स्टँडवरून जाताना कुरखेड्याच्या गाडीच्या कंडक्टरने हाक मारली. पळसाच्या पानांचा पुडा दिला. आत सुकवलेले मासे. देवरावभाऊंचा निरोप: म्याडमचा वाटा राह्यला होता.
तिथेच रडू आलं. ज्या माणसाचं काम माझ्या स्क्रिप्टने घालवलं, तो माझा वाटा जपून ठेवतो. आणि इथे, साहेब!
कुरखेड्याची पहिली गाडी सकाळी सहाला. गेले तर तासाभरात रांग हलेल. आणि साहेब म्हणतील, बघ, देवरावशिवाय झालंच ना.
पिशवी भरून ठेवलीय. जायचं की नाही?