स्वच्छ प्लास्टिक

प्रिय दादा,

तू कसा आहेस हे विचारत नाही. काल वहिनी येऊन गेली, तिच्याकडून कळलं की जेवतोस, झोपतोस, वेळेवर गोदामात जातोस. म्हणजे उत्तमच. इथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्याचं कारण तुला पक्कं ठाऊक आहे, तरी तुला एक फोन करवला नाही. बायकोला पुढे केलंस.

आई बरी आहे. टाके निघाले. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत येते आणि मला भांडी घासता येत नाहीत असं शेजारणीला ऐकवते. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तू विचारशील म्हणून लिहिलं. विचारलं नाहीस, ती गोष्ट वेगळी.

बाबांच्या भंगाराच्या दुकानाचं तू गोदाम केलंस, परदेशी माल पाठवायला लागलास आणि कागदपत्रं माझ्या हाती दिलीस. मला त्याचा केवढा तोरा होता! प्रत्येक कंटेनरसोबत ते घोषणापत्र जायचं: आत काय आहे, धोकादायक काही आहे का, आणि वरची सगळी माहिती खरी असल्याची मी ग्वाही देते. खाली माझं नाव, माझी सही. सहीआधी मी गोदामात जाऊन प्लास्टिकच्या दाबून बांधलेल्या दोन-चार गाठी फोडायला लावायचे. मुकादम कपाळाला हात लावायचा. तू म्हणायचास, ही माझी बहीण नाही, सासू आहे. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण एकदा गाठीतून औषधांच्या बाटल्या निघाल्या तेव्हा भरलेला कंटेनर मी रिकामा करायला लावला होता. त्या दिवशी तू हसला नाहीस.

आईच्या ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्यात होते. तूच फोन केलास. म्हणालास, घाई नाही, कंटेनर थांबवलाय, तू आलीस की बघू. मला भरून आलं होतं, दादा. आईसाठी माझ्या भावाने धंदा बाजूला ठेवला, असं मी नर्सलासुद्धा सांगितलं. आणि दुपारी कंटेनर बंदराच्या वाटेला लागला होता. त्यात होत्या जुन्या बॅटऱ्या. त्या रीतसर पाठवायच्या तर वेगळी परवानगी काढावी लागते, दोन्हीकडच्या सरकारांची. तेवढा धीर कुठला? गाठींच्या पोटात कोंबल्यास, कागदावर ‘स्वच्छ प्लास्टिक’ लिहिलंस आणि खाली माझी सही ठोकून दिलीस. छान जमलीय. शाळेत प्रगतीपुस्तकावर बाबांची करायचास, तिच्यापेक्षा सरस.

माल घेणाऱ्या तिकडच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाने फोन मला केला, कारण कागदावर मी होते. गाठीची पट्टी कापताच आतल्या बॅटऱ्यांनी पेट घेतला. माल निवडणाऱ्या एका बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. थकलेल्या आवाजात म्हणाला, “बोलता यायला लागल्यावर तिने पहिलं हेच विचारलं, स्वच्छ आहे असं लिहिलं कोणी? मी तुमचं नाव सांगितलं.”

मी तशीच तुझ्या केबिनमध्ये आले. वाटलं होतं, तुझा चेहरा उतरेल. तू मला बसायला सांगितलंस, चहा मागवलास आणि समजुतीच्या सुरात म्हणालास, “आई आजारी होती, गडबडीत चूक झाली असं तू म्हण. तुला ताकीद देऊन सोडतील. माझा तर परवाना जाईल.” त्या बाईबद्दल चकार शब्द नाही. आणि मी हो म्हणायची वाटही न बघता तू कस्टम्सच्या चौकशीवाल्यांना सांगून मोकळा झालास, की कागदांचं सगळं बहीणच बघते. माझ्या पाठीवर हात ठेवून तू माझाच गळा कापलास.

काल वहिनी आणखी कागद घेऊन आली. तिकडच्यांनी कंटेनर परत पाठवायचं ठरवलंय. परतीलाही घोषणापत्र लागतं आणि तू ते आधीच भरून ठेवलं होतंस: ‘स्वच्छ प्लास्टिक, आगीत खराब झालेलं.’ फक्त माझी सही बाकी. या खेपेला खरी हवी होती वाटतं. वहिनीला तू म्हणे नुसतं टपाल म्हणून दिलंस. मी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यावरच तिने ते खाली ठेवलं. कागद माझ्याकडे सोडून ती निघाली, तेव्हा चपला घालताना म्हणाली, “मी त्यांना काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा.”

म्हणून सांगतेय. तुझा कागद फाडून मी नवा भरला. आत काय आहे: न जळालेल्या बॅटऱ्या, प्लास्टिकमध्ये दडवलेल्या. धोकादायक आहे का: हो. आज सकाळी तो कस्टम्सच्या कचेरीत देऊन आले आणि पहिली सही माझी नव्हती हेही लेखी दिलं. उद्या मला जबाबाला बोलावलंय. पण हे पत्र त्यासाठी नाही, ते तुला कचेरीतून कळलंच असतं. कंटेनर आपल्याच गोदामात परत येणार आहे, आणि गाठी तू फोडणार नाहीस. मुकादम फोडेल, त्याची बायको निवडायला बसेल. त्या दोघांना आत काय आहे ते उद्याच्या जबाबाआधी तू स्वतःच्या तोंडाने सांग. नाहीतर मी सांगेन, आणि कोणी कोंबलं तेही. त्यानंतर आपणहून जबाबाला आलास, तर मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. नाही आलास, तर तुला बोलावतील तेव्हा समोरच्या.

तरीही तुझीच,
बहीण