काळं सोडायचा दिवस

९ मार्च, क्रेगीबर्न, मेलबर्न
नीलचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी पुण्याहून झूमवर, श्री आणि मी, आम्ही दोघं लाउंजमध्ये पाटावर. मधेच गुरुजी म्हणतात, "यजमान, म्यूट काढा." मला हसूच फुटलं. नील असता तर लोळला असता. मग रडू, अर्थात. आईबापाने पोराचं श्राद्ध घालायचं, कसला हा उलटा कारभार.

मिहिका युनीतून आली, दारातूनच, "मम, आर यू ओके?" नाही गं बाई, नाही ओके. पण म्हटलं, हो.

संध्याकाळी पूर्व तिमोरहून झुल्मिराचा फोन. नील तिकडे नळयोजनेच्या कामावर असताना दोन वर्षं ज्यांच्या घरी राहत होता त्या फिलोमेनाबाईंची मुलगी. इंग्लिश नीलने शिकवलेलं, त्यामुळे "नो वरीज" म्हणते तेही त्याच्याच सुरात. मला टिया म्हणते, म्हणजे मावशी. म्हणाली, "टिया, वर्ष झालं, आता कोरे मेतान करायचं." म्हणजे काळं सोडायचं. त्यांच्यात घरचं माणूस गेलं की घरातले वर्षभर काळं घालतात. वर्षाने प्रार्थना, फुलं, गावजेवण, आणि मग ते उतरवतात. "आई म्हणते, नीलची आई आल्याशिवाय सोडायचं नाही."

त्या बाईने माझ्या मुलासाठी वर्षभर काळं घातलंय. मला पत्ताच नाही! व्हिडिओवर काळ्या ब्लाउजमध्ये दिसायची, मला वाटायचं विधवा आहे, तिच्यात तशीच रीत असेल.

११ मार्च
आणि मी शहाणीने तिला हिरवी इरकल पाठवली होती. त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं म्हणून. साडी, नारळाऐवजी काजू, ब्लाउजपीस, साग्रसंगीत ओटी. एकदाही अंगावर दिसली नाही तेव्हा मनात म्हटलं, आवडली नसेल. काय म्हणावं मला! झुल्मिराला आज विचारलं. साडी पेटीत आहे. काळं सोडेल त्या दिवशी नेसणार. कशी नेसतात ते येत नाही, "टिया नेसवेल" असं ठरलंय म्हणे त्यांच्यात.

१५ मार्च
झुल्मिराला सांगितलं, पाऊस संपू दे. खोटं नाही ते. मौबिसेच्या पुढे डोंगरात गाव त्यांचं, पावसात रस्ता वाहून जातो. कौन्सिलमध्ये नकाशे करते मी, जन्म गेला त्यात. तिकडच्या कंटूर रेषा इतक्या खेटून आहेत की बघूनच कळतं, वर पडलेलं पाणी कुठेही दम खाणार नाही. नदी कोरडी दिसली म्हणून नील मोटरसायकल घेऊन पात्रात उतरला. पाठीवर नळजोडांची बॅग. वर डोंगरात पाऊस झालेला. गावातल्या अबिलियो नावाच्या मुलाने उडी टाकून बाहेर काढला, पण तोवर संपलं होतं.

लिहिलं एकदाचं. आजवर हात धजावत नव्हता.

६ एप्रिल
पाऊस अजून आहे तिकडे. बरंय.

मंडळात वैशाली भेटली. "अगं किती दिवस अशी राहणार? मिहिकाकडे बघ. सावर आता." तिचं चुकत नाही, चांगली आहे ती, पण एक ठेवून द्यावीशी वाटली. इथे सगळ्यांचं सोडून झालंय. आपल्यात तेरा दिवस. ऑफिसात फुलं, कार्ड, "टेक योर टाइम, मेट", आणि पुढच्या आठवड्यात ईमेल, अमुक वॉर्डाचा नकाशा कधी देतेस.

माझ्याशिवाय जगात अजून एक बाई आहे जी सकाळी उठून नीलसाठी काळं चढवते. तिने ते उतरवलं की मी एकटीच उरले. म्हणून जायचं नाहीये मला. पावसाचं कसलं डोंबल.

२० मे
आज त्यांचा स्वातंत्र्यदिन. नील ह्या दिवशी हमखास फोन करायचा. "आई, देश माझ्याहून लहान आहे गं, सांभाळून घ्यायला हवं." आणि मग तासभर लेक्चर. बेटाचा अर्धा भाग आमचा, अर्धा इंडोनेशियाचा. (आमचा! साहेब राहायला जाऊन सहा महिने झाले नव्हते.) शिवाय एक तुकडा पलीकडे इंडोनेशियाच्या पोटात, तिथल्या लोकांना आपल्याच राजधानीला जायचं तर बोटीने किंवा विमानाने. लढून देश मिळवला तेच म्हातारे अजून सरकारात. कोर्टाची भाषा पोर्तुगीज, बाजाराची तेतुम, घरात तिसरीच.

"सुकू म्हणजे आपली ग्रामपंचायत समज. शेफ, म्हणजे सरपंच, निवडून येतो. पण पाण्याचं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. झरा ज्या कुळाचा, त्यांचं एक पवित्र घर असतं. त्यांना विचारायचं, कोंबडं द्यायचं, मग पाइप." मी म्हटलं, आणि इंजिनियर काय करतो? "इंजिनियर गप्प बसतो आणि कॉफी पितो." किती दिवस गप्प बसला होता कोण जाणे. शेवटी हो म्हणाले ते, आणि नळ आला.

श्री बातम्या बघत होता. तिमोर शब्द आला की चॅनल बदलतो. आजही बदलला.

८ जून
फिलोमेनाबाई स्वतः फोनवर. झुल्मिरा मधे दुभाषी. बाईंनी विचारलं, पाऊस संपला, कधी येतेस? मी म्हटलं, ऑफिसात फार काम आहे. झुल्मिराने ते तेतुममध्ये सांगितलं. बाई मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, नळाला पाणी येतं अजून, सकाळी भांडं लावताना त्याचं नाव घेते.

झुल्मिरा म्हणाली, "नो वरीज, टिया. आम्ही थांबू." तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

अबिलियो ऑस्ट्रेलियात आलाय म्हणे, शेपर्टनजवळ फळबागेत, छाटणीच्या कामाला. इथून दीड-दोन तासांवर. भेटायला हवं. ज्याने नीलला शेवटचं धरलं त्याला भेटायला हवं.

१३ जुलै, रविवार
श्री आला नाही. "मला डोकं दुखतंय." ठीक. मी एकटीच गेले, डब्यात पुरणपोळ्या. कडाक्याची थंडी, शेपर्टनला धुकं अजून उठलं नव्हतं.

अबिलियो बारका आहे. मला वाटलं होतं धिप्पाड असेल. पाण्यात उडी टाकणारा माणूस धिप्पाड का असावा, मलाच माहीत. कामाचं नारिंगी जॅकेट घालून आला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तेच एक गरम असावं. आणि त्यावर छातीशी सेफ्टी पिनने लावलेला काळ्या कापडाचा तुकडा. बघतच राहिले. शेपर्टनला, मॅकडोनल्ड्सच्या दारात, माझ्या नीलचं काळं.

हातात हात घेऊन बसले त्याचा. काही विचारायचं ठरवलं होतं, ते विचारलंच नाही. इंग्लिश त्याचं जेमतेम. पुरणपोळी आवडली, दुसरी खिशात ठेवली. मग आपली नेहमीची सवय, "लग्नबिग्न झालं का रे?"

लाजला. "आफ्टर ब्लॅक, टिया."

म्हणजे? म्हणजे झुल्मिराशी. दोन्ही घरांत देणंघेणं ठरलंय, म्हशी, डुकरं, तैस म्हणजे त्यांची विणलेली वस्त्रं, सगळं. पण घर काळ्यात असताना लग्न नाही. हे त्याने पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, तक्रार नव्हती त्यात. माझा चेहरा बघून घाबरला. "टिया, झुल्मिराला नको सांगू. ती म्हणाली, टियाला कळू द्यायचं नाही. टिया येईल तेव्हा येईल."

येताना ह्यूम हायवेवर गाडी बाजूला घेऊन खूप रडले. ओरडले पण. नीलवर, देवावर, त्या नदीवर. शेजारून ट्रक जात होते, कोणाला ऐकू जाणार.

१४ जुलै
पोरगी माझ्यासाठी लग्न थांबवून बसलीय आणि मला "नो वरीज" म्हणते.

जायचं. ठरलं. सप्टेंबर, पुढच्या पावसाच्या आधी. ठरवलं खरं, पण नकोय मला ते. नकोय.

२ ऑगस्ट
श्रीशी कडाक्याचं भांडण. म्हटलं, दोघांनी जाऊ. "मला तो देश बघायचा नाहीये." अरे, तू बघितला आहेस, मी नाही! नीलला आणायला तू गेलास, मला म्हणालास तू नको येऊस, झेपणार नाही. तिकडे काय झालं त्याचा एक शब्द आजवर बोलला नाहीस. माझा पण मुलगा होता.

"तुझाच होता," म्हणाला आणि गराजमध्ये जाऊन बसला. मिहिका खोलीतून, "कॅन यू गाइज प्लीज स्टॉप?" तिचाही भाऊच गेला. हे आमच्या लक्षातच राहत नाही.

२७ ऑगस्ट
गणपती आणला. गेल्या वर्षी नव्हता. मूर्ती लहान, मोदक फसले, पारीच फाटत होती. श्री गपचूप फाटलेले खात होता. खाता खाता एकदम बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

त्यांनी नीलला डोंगरातून खाली आणलं तेव्हा वाटेवरच्या गावागावांतून लोक रस्त्यावर येऊन उभे होते. हातात मेणबत्त्या, पोरांच्या हातातसुद्धा. वारा असेल तर विझत होत्या, परत लावत होते. कोण होता नील त्यांचा? "मला वाटलं होतं आपण त्याला ओळखतो," श्री म्हणाला. "मला तिथे परत नाही गं उभं राहता येणार."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. बॅग भरली. झुल्मिरा म्हणाली होती, काळ्यात यायचं, तिथे बदलायचं. माझ्याकडे काळं काय असणार? आपल्यात काळं म्हणजे संक्रांत. कपाट उपसलं तर चंद्रकळा नाही, तिचं तर आईने झबलं शिवलं होतं, नीलच्या बोरन्हाणाला. ते झबलं सापडलं. मलमलच्या पिशवीत, पांढरे ठिपके अजून तसेच. अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट, आणि बोरं-चुरमुरे ओतले तर हा खाली पडलेला हलवा वेचून तोंडात घालत होता. सगळी हसत होती.

इतकंसं झबलं. ह्यात मावत होता तो.

कात्री आणली. ठेवली. परत आणली. शेवटी मिहिका येऊन शेजारी बसली, म्हणाली, "मी धरते, तू काप." मराठीत म्हणाली. खालच्या घेराची एक पट्टी कापली. बाकीचं झबलं तिने छातीशी धरून ठेवलं होतं, मी मागितलं नाही.

२५ सप्टेंबर
टलामरीन एअरपोर्टला श्रीने सोडलं. ड्रॉप-ऑफला गाडी थांबवली, मागून हॉर्न, आणि हा उतरेचना. मग माझ्या कुर्त्यावर लावलेल्या पट्टीकडे बघून म्हणाला, "मला पण दे."

माझ्या पट्टीतलीच अर्धी फाडली. सेफ्टी पिन पर्समध्ये होती. त्याच्या ऑफिसच्या शर्टाला लावली, खिशाच्या वर. पिन त्याला टोचली. ऑफिसात विचारतील तर काय सांगशील म्हटलं. "सांगेन, मुलाचं आहे."

तसाच गेला ऑफिसला.

२६ सप्टेंबर, डार्विन एअरपोर्ट
रात्र इथे काढली. उकाडा मरणाचा. दिलीचं, म्हणजे तिमोरच्या राजधानीचं, विमान तासाभरात. इतकं जवळ आहे, नील म्हणायचा, मेलबर्नहून सिडनीला जाण्याइतकं. रांगेत पुढे तिमोरी बायका, पोती भरभरून सामान. एकीने माझ्या छातीवरचं काळं बघितलं. माझी बॅग आपल्या ट्रॉलीवर घेतली.

अबिलियो आधीच तिकडे पोचलाय, दिलीला घ्यायला येणार. त्या नदीवरून जायचं आहे. आता नुसते दगड आहेत, झुल्मिरा म्हणाली, घाबरू नको. उद्या प्रार्थना, मग फिलोमेनाबाई माझं सोडणार, मी तिचं. तिला इरकल नेसवायची आहे. निऱ्या मला जमतील ना त्या वेळी? हात हलतील ना?

श्रीचा आत्ता फोटो आला, ऑफिसच्या आरशातला. पिन वाकडी झालीय, पट्टी आहे. खाली लिहिलंय, "सगळ्यांना माझा नमस्कार सांग. तुझं तिथे सुटेल. माझं?"

उत्तर लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, काढू नकोस, मी येईपर्यंत राहू दे. पाठवलं नाही अजून. बोर्डिंग सुरू झालं.