मशेरीचा हप्ता

आये, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे लिहून कुठे धाडायचं आणि तुला वाचून कोण दाखवणार, देव जाणे. पण मागच्या महिन्यात शहापूरला विमा काढायला गेले आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या तुझी इतकी आठवण आली, की बाहेर येऊन एसटी स्टँडवर पदर तोंडाला लावून रडले.

विमा म्हटल्यावर तू कानांवर हात ठेवले असतेस. "अगो, मरणाला आवतण कशाला धाडतेस?" म्हणाली असतीस. पण तुझ्यामागे काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तुझा जावई हायवेवर अपघातात गेला, आणि मागे काही म्हणता काही नव्हतं. दादाने मुरबाडहून तांदूळ धाडले म्हणून चूल पेटली. आता मी आसनगावच्या गोदामात पॅकिंगला जाते. भाडं आणि पोरीची शाळा भागवून उरतं ते मुठीत मावतं. उद्या मला काही झालं तर तिने कुणाच्या दारात उभं राहायचं? एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी भावकीतल्या एकाने पैसे परत मिळणारी पॉलिसी गळ्यात मारायला पाहिली. ऐकायला गोड, पण तिचा हप्ता मला झेपत नव्हता, आणि झेपेल एवढ्या हप्त्यात पोरीच्या हाती चणे-फुटाणेच आले असते. शहापूरच्या विमा कचेरीतल्या बाईंनी मग साधी पॉलिसी सांगितली. हप्ता कमी, मी गेले तर पोरीला मोठी रक्कम, आणि मुदतीपर्यंत जगले तर एक पैसा परत नाही. "म्हंजे जगले तर तोटा!" मी म्हटलं. त्या हसल्या, मलाही हसू आलं. पण परवडणारी तीच होती.

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू खाता?" मी ठसक्यात म्हटलं, "छ्या! आमच्यात बाया तंबाखू खात नाय." त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं. "मशेरी लावता?" "ती लावतेच की. ती काय तंबाखू हाय?"

आये, मग तू तव्यावर भाजायचीस ते काय होतं गो? अख्खं घर ठसकायचं. बाजारातून तंबाखूचं पान आणायला तू मलाच धाडायचीस. तरी मशेरी म्हणजे तंबाखू, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. माझ्यासाठी ती सकाळ होती. मागच्या दारी तू आणि मी बसलोय, दोघींची बोटं दातांवर फिरतायत, कोंबड्या पायांत घुटमळतायत. तोंड भरलेलं म्हणून तुला ओरडता येत नाही. एरवी दिवसभर माझ्यावर खेकसणारी तू तेवढा वेळ खांद्याला खांदा लावून गप्प बसतेस. मला ती ऊब अजून हवी आहे, आये. इतकी मोठी झाले तरी हवी आहे.

बाई म्हणाल्या, "मशेरी सांगितली तर हप्ता वाढेल. लपवली आणि पुढे कळलं, तर मुलीचे पैसे अडकतील." गोदामातली मैत्रीण म्हणते, "लिव नाय म्हनून. कोन बघाया येतंय तुझे दात?" तुझ्याशी खोटं कशाला बोलू, माझंही मन डळमळलं. पण पोरीला माझ्यामागे कुणापुढे हात जोडावे लागू नयेत म्हणून तर निघाले होते ना? परत गेले आणि बाईंना फॉर्मात खरं तेच लिहायला सांगितलं. रक्कम थोडी कमी घेतली आणि हप्ता कसाबसा बसवला.

घरी पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि गळ्यात पडली. "आई, सोड ना गो ती मशेरी. मला पैसे नकोत, तू पाहिजेस." मी तिच्यासमोर डबी कचऱ्यात टाकली. म्हटलं, "ही बघ, सोडली."

परक्या बाईला खरं सांगितलं आणि पोटच्या पोरीला खोटं. ती शाळेत गेली की मी शेजारणीकडून चिमूटभर मागून आणते आणि दारात बसते. सोडायची आहे गो, तिच्यासाठी सोडायचीच आहे. पण तेवढा वेळ तू माझ्या बाजूला असतेस, आणि तुला दुसऱ्यांदा जाऊ द्यायची हिंमत मला अजून होत नाही.